समोर फक्त पितळ राहिलंय

मलप्रभेची लेक
२१ सप्टेंबर, रात्री १०.४०

आज सर्वपित्री. आप्पांचं पान वाढून गच्चीत ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत बसले. टिळकवाडीत कावळ्यांना काही तोटा नाही, पण आज अर्धा तास एकही फिरकला नाही. शेवटी एक आला, भाताकडं बघितलंही नाही, वड्याचा तुकडा उचलून गेला. आई म्हणाली, "शिवला गं बाई," आणि खाली गेली. मी तिथंच बसून राहिले. दोन वर्षं कुणाला बोलले नाही ते आज इथं लिहिते.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. आप्पा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवसापासून कार्तिकी पुनवेपर्यंत देवळात काकडा. पहाटे चारला आप्पा उठवायचे. आमच्याकडचं धुकं असं की कंदील हातात असून आपलेच पाय दिसायचे नाहीत. मी त्यांच्या घोंगड्यात शिरून चालायचे. देवळात तेलाचा, ओल्या लोकरीचा, ताज्या सारवणाचा वास. मग काकडा पेटायचा, विठोबाच्या तोंडापुढून फिरायचा, आणि मला कळायचं, इथं कुणीतरी आहे. दिसायचं काही नाही, ऐकू यायचं काही नाही. काळोखाच्या खोलीत कुणी आधीच बसलेलं असलं तर दारातच कसं समजतं, तसं. पहिल्यांदा झालं तेव्हा नऊ वर्षांची असेन. पुढं ते येत-जात राहिलं. बाळंतपणात आलं. एकदा तर लोंढा स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघताना, काही कारण नसताना. कधी येईल ते माझ्या हातात नव्हतं, पण आता येणारच नाही असं कधी वाटलं नव्हतं.

आप्पा गेले आणि तेव्हापासून एकदाही नाही.

पूजा सोडलेली नाही. सकाळी देव धुते, गंध लावते, संध्याकाळी दिवा आणि हरिपाठ. पण समोर फक्त पितळ आहे. चिंच लावून मूर्ती घासते तेव्हा तांब्या घासावा तशी घासली जाते. गेल्या माघीला पंढरपूरला गेले. नऊ तास रांगेत उभी राहिले. पायावर डोकं ठेवलं, कपाळाला दगड गार लागला, तेवढ्यात "चला, चला, पुढं सरका." वाळवंटात येऊन रडले. बरोबरच्या बायकांना वाटलं, दर्शनानं भरून आलं हिला. एकीनं वाकून माझ्याच पायाला हात लावला. ते सगळ्यात जड गेलं.

देव आहे की नाही हा माझा प्रश्न नाही. त्यावर इथं वाद नको, ही विनंती. तो आहे हे मला माहीत आहे, म्हणून तर सोसत नाही. विचारायचं एवढंच की तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय काय? झालं असेल तर पूजा चालू ठेवलीत काय, आणि कशाच्या जोरावर?

वडगावकर
२१ सप्टेंबर, रात्री ११.१५

झालंय. पहिल्यांदाच कुणी लिहिलेलं वाचतोय. माझ्याकडं उत्तर नाही, धाग्यावर बसून राहतो.

साधक ७२
२२ सप्टेंबर, सकाळी ६.०५

ताई, राग मानू नका. अनुभव थांबतो तेव्हा साधनेत कुठंतरी खंड पडलेला असतो. हात पूजेत आणि मन दुसरीकडं असं होतं. जप वाढवा, रोजची संख्या ठरवून घ्या, वेळ चुकवू नका. श्रद्धा पक्की झाली की जाणीव आपोआप परत येईल. मी स्वतः असाच सावरलो आहे.

शहापूरची सून
२२ सप्टेंबर, दुपारी २.३०

साधकदादा, तुम्ही मनापासून लिहिलंत, पण मला ते लागलं. श्रद्धा कच्ची असती तर ती नऊ तास रांगेत उभी राहिली असती काय? आणि दगड गार लागला म्हणून दोन वर्षं कोण झुरतं? तहानेनं घसा कोरडा पडलेल्या माणसाला "तुला पाण्याची कदर नाही" असं म्हटल्यासारखं झालं हे.

मी आमच्या सासूबाईंचं सांगते. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. आधी खड्डामाग होते, मग यंत्रमाग आले. चाळीस वर्षं त्या आवाजात काढून सासूबाईंचे कान गेले. आता शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही. पण एकादशीला भजनाला जायचंच. पहिल्यांदा मी म्हटलं, "अत्ती, तुम्हाला ऐकू येत नाही, कशाला जाता? गुडघे दुखतील." त्या काही बोलल्या नाहीत. मग एकदा मी शेजारी बसले तेव्हा बघितलं. त्या तळहात जमिनीवर पालथा ठेवून बसतात. पखवाजाची थाप फरशीतून हाताला लागते. शब्द नाही, चाल नाही, नुसती थरथर. आणि ज्या दिवशी फरशीवर जाड सतरंजी असते त्या दिवशी तेवढंही नाही. त्या दिवशीसुद्धा शेवटची आरती होईपर्यंत उठत नाहीत. घरी येताना मी खुणेनं विचारलं, आज काय मिळालं? त्या मोठ्यानं म्हणाल्या (ऐकू येत नसल्यानं त्या सगळंच मोठ्यानं बोलतात, सगळा बोळ ऐकतो), "मला ऐकू आलं न्हाई म्हणून भजन झालं न्हाई व्हय गं?"

मलप्रभेची लेक
२२ सप्टेंबर, रात्री ९.५०

शहापूरच्या वहिनी, सतरंजीचं वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. अत्तींना माझा नमस्कार सांगा, खुणेनंच.

साधकदादा, रागावले नाही. जप वाढवूनही बघितला होता. संख्या पुरी व्हायची, मणी संपायचे.

अंकलीकर
२३ सप्टेंबर, रात्री ८.२०

अक्का, मी चिकोडी तालुक्यातला, कृष्णाकाठचा. अंकली म्हटलं की वारकऱ्याला घोडे आठवतात. आळंदीहून ज्ञानोबा माउलींची पालखी निघते, तिच्या पुढचे दोन अश्व आमच्या गावच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून जातात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं, तेव्हापासूनची ही सेवा. तंबू आणि नैवेद्यही शितोळ्यांचाच. घोडे गाडीत घालून नेत नाहीत. मिरज, सातारा, पुणे करत सुमारे ३०० किलोमीटर चालत आळंदी गाठतात. सीमाभागातून निघालेला घोडा पोचल्याशिवाय माउलींचं प्रस्थान होत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण सांगायचंय ते वेगळंच. दोन घोड्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कुणी बसत नाही. तो माउलींचा. सजवतात, हार घालतात, लोक पाया पडतात, पण पाठ मोकळी. रिंगणात हाच घोडा स्वाराच्या घोड्यामागं धावतो, आणि धावून झाल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला म्हातारी माणसंसुद्धा पोरांसारखी पळतात. लहानपणी मी आज्जाला विचारलं होतं, "आज्जा, ह्याच्यावर कोण बसलंय?" "माउली." मी म्हटलं, "मला दिसंनात की." आज्जा म्हणाला, "तुला दिसावं म्हणून बसल्यात काय गा?"

ते तेव्हा कळलं नाही. कळलं त्याला कारण झालं. बायकोचं मोठं दुखणं निघालं त्या वर्षी मी घोड्यांबरोबर मिरजेपर्यंत चालत गेलो. नवस नव्हता. घरात बसवत नव्हतं, एवढंच. तुम्ही लिहिलंय तसंच माझं झालं होतं; आत सगळं सुकलेलं. वाटभर त्या मोकळ्या पाठीकडं बघत चाललो. मनात येत होतं, खरंच कुणी नाहीच की हिथं. मुक्कामाला मोतद्दार घोड्याचे खूर साफ करायला बसला. स्वाराच्या घोड्याला त्यानं नुसतं "हां, पाय" म्हटलं. माउलींच्या घोड्यापाशी आला, आधी हात जोडले, मग हळू म्हणाला, "माउली, जरा पाय." आजूबाजूला कुणी नव्हतं. मी अंधारात होतो, मी बघतोय हे त्याला माहीत नव्हतं. कुणाला दाखवायसाठी म्हणाला नव्हता तो.

मला त्या रात्रीही काही जाणवलं नाही, अक्का. खोटं सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी घरी आलो आणि बायकोला औषध देताना "जरा उठतीस काय" हे मी त्या मोतद्दाराच्या आवाजात म्हटलं. तेवढं शिकून आलो. ती आता बरी आहे.

वारीची काकू
२३ सप्टेंबर, रात्री ९.०५

मी बावीस वर्षं दिंडीत जाते. बाळ, एक सांगते. आषाढी-कार्तिकीला विठोबाचा पलंग काढतात, ठाऊक आहे ना? शेजारती होत नाही, देव झोपत नाही. रात्रंदिवस दर्शन चालू राहतं. शीण होईल म्हणून पाठीला लोड देतात. सगळी गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्यानं स्नान घालतात आणि थकवा जावा म्हणून काढा दाखवतात. मला त्या काढ्याचं फार वाटतं. तुझी नऊ तासांची रांग खरी, आणि तोही उभाच असतो गं.

वडगावकर
२३ सप्टेंबर, रात्री ९.४०

काकू, रांगेबद्दल मात्र बोलू द्या. माझं तिथंच बिनसलं. आमच्या भागातल्या एका मोठ्या देवळात आता गाभाऱ्याबाहेर पडदे लावलेत, त्यावर देव मोठा दिसतो. भोंग्यावर दिवसभर ध्वनिमुद्रित आरती. समोर देव असताना लोक पडद्याकडं बघून हात जोडतात, आणि हातात मोबाईल. मी गेल्या श्रावणात तासभर उभा राहिलो, एक क्षण शांत मिळाला नाही. घंटेचा आवाज विरत विरत जातो ना, तो विरू देतच नाहीत, लगेच दुसरं काही लावतात. देव गप्प आहे असं आपण म्हणतो, पण आपण त्याला बोलायला जागा तरी ठेवलीय काय?

कॅम्पातला
२४ सप्टेंबर, सकाळी ७.३०

मी बेळगाव कॅम्पातला, मराठी ख्रिस्ती. माझं इथं लिहिलेलं चालेल असं धरून लिहितो. आमच्याकडं उपासना मराठीत होते, पेटी-तबल्यावर भजनं होतात, त्यामुळं पखवाजाची थाप मला परकी नाही.

बायबलातलं ४२ वं स्तोत्र मला या धाग्यासाठीच लिहिलंय असं वाटलं. हरिणी पाण्याच्या प्रवाहासाठी लुलपते तसा माझा जीव देवासाठी लुलपतो, अशी त्याची सुरुवात. लुलपणे हा शब्द मी लहानपणी तिथंच शिकलो, आणि अजून त्याच्या तोडीचा दुसरा सापडलेला नाही. पण लोक पहिली ओळ म्हणून थांबतात. पुढं तो गाणारा सांगतो, रात्रंदिवस आसवं हेच माझं अन्न झालंय, लोक विचारतात तुझा देव कुठं आहे. आणि मग त्याला आठवतं की पूर्वी मी लोकांच्या मेळ्याबरोबर आनंदानं गात देवाच्या घरी जात होतो. ताई, म्हणजे तुमचा काकडाच. विरहाचं मूळ आठवणीत आहे. जो कधी त्या मेळ्यात चाललाच नाही त्याला हे दुःख होणारच नाही. स्तोत्र संपतं तरी पाणी मिळालेलं नसतं. तो आपल्याच जिवाची समजूत घालत राहतो.

दुसरी गोष्ट मदर तेरेसांची. १९९७ साली त्या गेल्या, आणि १० वर्षांनी त्यांची खासगी पत्रं छापून आली. जगाला धक्का बसला. कोलकात्यात त्यांनी काम सुरू केलं तेव्हापासून जवळजवळ ५० वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाची जाणीव होत नव्हती, सगळा अंधार होता. बाहेर हसतमुख दिसायच्या, पहाटे प्रार्थनेला बसायच्या, दिवसभर मरणाऱ्यांना उचलायच्या. मी ते वाचलं तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती. मग मी प्रार्थनेचे शब्द सोडले, नुसता वेळ पाळला. साडेपाच वाजले की खुर्चीत बसायचं. अजून तेच चालू आहे.

बैलहोंगलचा
२४ सप्टेंबर, रात्री १०.१०

घरात कन्नड, शाळा मराठी, त्यामुळं लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. अक्का हा शब्द तरी आपल्या दोन्ही भाषांत एकच आहे.

बाराव्या शतकात कानडी संतकवयित्री अक्कमहादेवी तिच्या देवाला, चेन्नमल्लिकार्जुनाला, शोधत रानातून हिंडली. एका वचनात ती पोपटांना, कोकिळांना, भुंग्यांना, हंसांना, मोरांना एकेक करून विचारते, माझ्या देवाला कुणी बघितलंत काय? पुढच्या शतकात ज्ञानेश्वर विरहिणी होऊन पलीकडं ओरडणाऱ्या कावळ्याला विचारतात, पंढरीराव कधी घरी येतील, आणि खरं सांगितलंस तर तुझे पाय सोन्यानं मढवीन म्हणतात. आणि तुम्ही परवा गच्चीत कावळ्याची वाट बघत बसला होता. तुमचा पहिला परिच्छेद वाचला तेव्हाच हे मनात आलं होतं, पण लिहायला धीर होत नव्हता.

आमच्याकडं लिंगायतांत इष्टलिंग, म्हणजे अंगावर बाळगायचं छोटं शिवलिंग, डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. देव हातावर असतो, मुठीत मावतो, तरी माझी आई रोज पूजेनंतर त्याच्याकडं बघून "यावाग बर्ती?" म्हणजे "कधी येतोस?" असं विचारते. लहानपणी मला हे कोडं वाटायचं. हातातल्याला कसं विचारायचं, कधी येतोस? तुमच्या माउलींनीही ज्या विठ्ठलाला कानडा म्हटलं, त्याच अभंगात पाया पडायला जावं तर पाऊल दिसेना, मिठी मारायला जावं तर आपण एकटेच उरलो, असं लिहिलंय. समोर असून न सापडणं हे त्या दोघांनाही चुकलं नाही.

यल्लम्माचा भक्त
२४ सप्टेंबर, रात्री १०.५५

सौंदत्तीच्या आमच्या यल्लम्मा आईचं बघा. मार्गशीर्षातल्या पुनवेला तिचं कुंकू-कंकण उतरतं, माघातल्या पुनवेला परत चढतं. मधले महिने देवीच विरहात असते. आम्ही त्या महिन्यांतही डोंगर चढतो, उदं गं आई उदं म्हणतो. दुःखात असलेल्या आईला भेटायला जाणं सोडतंय काय कोण.

हुक्केरीची मास्तरीण
२५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.४५

सगळे प्रतिसाद वाचले. अक्का, एक विचारते, टोचलं तर उत्तर देऊ नका. तुमच्या लेखात देऊळ आहे, धुकं आहे, घोंगडं आहे, वास आहे. विठोबाचा चेहरा नाही. काकडा पेटायचा तेव्हा तुम्ही नक्की कुणाकडं बघत होता?

मलप्रभेची लेक
२८ सप्टेंबर, रात्री ११.३०

तीन दिवस उत्तर दिलं नाही. टोचलंच, पण बरोबर ठिकाणी.

बाई, मी डोळे मिटून परत परत त्या देवळात जाऊन आले. मला विठोबाचा चेहरा आठवत नाही. गावातली ती मूर्ती चांगली तीन फुटांची आहे, रोज बघितलेली, तरी त्या उजेडातली आठवत नाही. आठवतो तो आप्पांचा चेहरा. काकडा देवापुढून फिरायचा तेव्हा उजेड आप्पांच्या तोंडावर पडायचा. पखवाजावर हात चाललेले, आणि डोळे समोर. शेतात, बाजारात, घरात त्यांचा तसा चेहरा मी कधी बघितला नाही. मी देवाकडं बघणाऱ्या आप्पांकडं बघत होते.

मग मला जाणवायचं ते कोण होतं? परवा हा विचार आला आणि खूप भीती वाटली. सगळं आप्पाच होते, देव कधी नव्हताच, असं असलं तर? दोन दिवस दिवा लावला नाही, हेही सांगून टाकते. पण मग लोंढा स्टेशनवर आप्पा नव्हते. बाळंतपणात नव्हते. आणि आप्पा ज्याच्याकडं तसं बघायचे तो कुणीतरी होता म्हणूनच ना तो चेहरा तसा व्हायचा? माझ्याजवळ पुरावा काही नाही. काल दिवा परत लावला.

आप्पांचं दुःख कुठं संपतं आणि देवाचं कुठं सुरू होतं हे मला वेगळं काढता येत नाही, आणि आता ते काढायची घाईही नाही. कोजागिरीनंतर गावी जाते. आप्पा गेल्यापासून काकड्याला गेलेले नाही. देवळात पाऊल टाकायचा धीरच झाला नव्हता.

शहापूरची सून
२९ सप्टेंबर, सकाळी ८.१०

जावा. आणि शाल नेवा, जांबोटीकडं आत्तापासून गारठा पडलाय म्हणतात.

मलप्रभेची लेक
१२ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

गावातून लिहिते. इथं रेंज फक्त शाळेच्या कट्ट्यावर येते.

आज काकड्याचा सहावा दिवस. घोंगडं आप्पांचंच घेतलं. देवळात फरशी झालीय, सारवणाचा वास गेला, तेलाचा आहे. पखवाज आता चुलत्यांचा थोरला वाजवतो, अजून हात बसायचाय, पण सोडत नाही. मंडळात पूर्वी पंधरा-सोळा माणसं असायची, आता सात. पोरं पुण्याला नाहीतर गोव्याला.

आप्पा ज्या खांबाला टेकून बसायचे ती जागा मोकळी आहे. खाली त्यांचं घडी घातलेलं पोतं तसंच. सात माणसं दाटीवाटीनं बसतात, पण तिथं कुणी बसत नाही. मी विचारलं, असं कुणी ठरवलं? सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणीच ठरवलं नव्हतं. तात्या म्हणाले, "तू बस गं, तुझीच जागा ती." मी बसले नाही. पलीकडं बसले आणि टाळ घेतले.

काकडा फिरला तेव्हा या वेळी मी मुद्दाम समोर बघितलं. विठोबाचं नाक डाव्या बाजूनं जरा झिजलंय. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

काही जाणवलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. सहाही दिवस नाही. पण दुसऱ्या दिवशी मी टाळ चुकवला तेव्हा पखवाजवाल्या पोरानं माझ्याकडं बघून मान हलवली, "घे, घे" अशी, आणि मी परत लय धरली. कालपासून चुकत नाही.

अंकलीकर
१२ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

उद्या जाणार न्हवं, अक्का?

मलप्रभेची लेक
१२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०

जाणार. दिवाळीपर्यंत रजा टाकलीय. ती जागा झाडून, पोतं आज उन्हात घातलं होतं, परत नेऊन ठेवायचंय.